स्वॅब कठड्याचा, शिक्षा मावशींना

पत्र:

“मी जिल्ह्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात आयसीयूची इनचार्ज सिस्टर आहे. आठ बेड आहेत. मानांकनाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात आमच्याकडे स्वॅब घेतले, हवेच्या प्लेटही ठेवल्या. चार नंबर बेडच्या कठड्यावर ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू आला. हवेच्या एका प्लेटवर 42 कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, आल्या. लगेच मीटिंग झाली आणि तीन गोष्टी ठरल्या. सकाळपाळीच्या सफाईच्या मावशींना कामावरून कमी करायचं, जंतुनाशकाचं धुकं सोडणारं फॉगिंगचं मशीन घ्यायचं आणि दर आठवड्याला स्वॅब पाठवायचे. मावशी कंत्राटी आहेत, नऊ वर्षं इथेच राबतात, कधी दांडी नाही. पण सगळ्या बेडना एकच फडकं फिरवतात हेही खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. सिंकच्या बाजूच्याच ओट्यावर आम्ही इंजेक्शनं भरतो, तेही मला खटकतं, पण जागाच नाही. आता ‘सफाईतील हलगर्जीमुळे जंतुप्रादुर्भाव’ अशा कागदावर माझी सही मागितली आहे. करू का?”

सिस्टर,

सही करू नका. ‘सफाईतील हलगर्जीमुळे’ हे शब्द असेपर्यंत तर अजिबात नको. तुमच्या हातातल्या रिपोर्टवरून ते सिद्ध होत नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर खाली सही तुमची असेल.

मी अठ्ठावीस वर्षं रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये हेच स्वॅब लावले, हेच रिपोर्ट लिहिले. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे रिपोर्ट कुणी मागायलाच नको होते. मानांकनाची तारीख जवळ आली की खोकाभर स्वॅब यायचे. बेड, भिंत, पंखा, दाराची कडी, एकदा तर नोटीस बोर्डसुद्धा. जंतू आला की आरडाओरडा, नाही आला की फाइलमध्ये. दोन्ही वेळा आयसीयूतल्या पेशंटला काडीचा फरक पडायचा नाही.

तुमच्या रिपोर्टला मी आधी चार प्रश्न विचारले असते. स्वॅब किती वाजता घेतला, सकाळच्या पुसण्याआधी की नंतर? त्या दिवशी चार नंबरवर कोण होतं? पेशंट व्हेंटिलेटरवर होता का? आणि त्याच्या श्वासाच्या नळीतल्या स्रावाच्या कल्चरमध्ये काय वाढलं होतं? हे शेवटचं तुम्हाला फाइल काढून पाच मिनिटांत कळेल. तिथेही ॲसिनेटोबॅक्टर असेल, आणि माझा अंदाज आहे की असेल, तर मग कठड्याने पेशंटला जंतू दिला की पेशंटने कठड्याला? सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना, खोकला उडतो, हातमोजा भरतो, त्याच हातमोज्याने कुणीतरी कठडा खाली करतं. झालं. ज्या आयसीयूत असा पेशंट आहे, तिथला कठडा ऐन वेळी तपासला तर जंतू मिळणारच. मिळाला नाही तर मी उलट स्वॅब नीट घेतला होता का, हे विचारेन.

या जंतूचा स्वभावही लक्षात घ्या. आमच्या लॅबमध्ये आम्ही म्हणायचो, ॲसिनेटोबॅक्टर म्हणजे कोरडवाहू पीक आणि स्युडोमोनास म्हणजे बागायती. स्युडोमोनासला ओल लागते. सिंक, ह्युमिडिफायरची बाटली, ओला मॉप ही त्याची जागा. ॲसिनेटोबॅक्टर मात्र कोरड्या कठड्यावर, गादीच्या शिवणीत, मॉनिटरच्या वायरवर तग धरतो. कोरड्या पृष्ठभागावर तो तीन दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे पेशंट घरी जातो, बेडवर नवी चादर पडते आणि जुना भाडेकरू कठड्यावर तसाच राहतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या 8 आयसीयूंचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तो ॲसिनेटोबॅक्टरचा नव्हता, एमआरएसए या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा होता, पण मुद्दा तोच. खोलीतल्या आधीच्या पेशंटकडे एमआरएसए असेल तर नंतर आलेल्यांपैकी 3.9 टक्क्यांना तो लागला, नसेल तर 2.9 टक्क्यांना. फरक लहान आहे, पण आहे.

तेव्हा मी ‘काही नाही हो, जंतू सगळीकडेच असतात’ असं म्हणत नाही. कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिकला न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर जागतिक आरोग्य संघटनेने 2017 च्या यादीत अगदी वरच्या गटात ठेवला होता, उगाच नाही. माझं म्हणणं एवढंच की प्रश्न चुकीचा विचारला गेला. चारच्या कठड्यावर जंतू आहे का, हा प्रश्न नाही. चारवरचा जंतू पाचवर कशाने जातो, हा आहे.

आता त्या 42 कॉलनी. नऊ सेंटिमीटरची उघडी बशी तासभर ठेवली आणि तिच्यावर जे पडलं ते वाढलं, इतकंच. रिपोर्टात खाली काय लिहिलंय बघा, बहुधा त्वचेवरचे स्टॅफिलोकोकाय आणि धुळीतले बॅसिलस असतील. माणसाच्या कातडीचे कपचे सतत झडत असतात. प्लेट ठेवली तेव्हा राउंड चालू होता का, चादरी बदलत होते का, दार किती वेळा उघडलं, यावर आकडा कितीतरी बदलतो. पहाटे चारला ठेवली असती तर दहाच आल्या असत्या आणि मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या असत्या. पेशंट असलेल्या आयसीयूच्या हवेसाठी ‘इतक्याखाली पास, इतक्यावर नापास’ असा सर्वमान्य आकडा नाही. आणि गंमत बघा, ज्या हवेची खरी भीती बाळगायची, तिच्याबद्दल ही बशी मुकी आहे. टीबीचे कण इतके बारीक असतात की ते तासाभरात खाली बसतच नाहीत, आणि बसले तरी त्या नेहमीच्या प्लेटवर टीबी वाढत नाही.

हवेची काळजी करायचीच असेल तर प्लेट बाजूला ठेवा आणि मान वर करून एसीकडे बघा. स्प्लिट एसी आहेत ना? स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आत आणत नाही. आयसीयूला ताशी सहा वेळा हवा बदलली जावी आणि त्यातल्या दोन वेळची ताजी, बाहेरची असावी असा मापदंड वापरला जातो. गावोगावच्या आयसीयूंमध्ये हे दोन जवळजवळ शून्य असतात. खिडक्यांवर फिल्म लावलेली, दार स्प्रिंगचं, आत बारा माणसं. ताजी हवा आत घेणारा फिल्टरवाला पंखा आणि बाहेर फेकणारा एक्झॉस्ट, याचं गणित बसवायला एसीचा इंजिनियर बोलवा. मशीन घ्यायला निघालेत ना, ते पैसे इथे लागू द्या. टीबीचा, गोवराचा, कांजिण्यांचा संशय असलेला पेशंट आला तर तो टोकाच्या खोलीत, दार बंद, तिथली हवा थेट बाहेर. आणि वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम निघालं असेल तर मला हवेची खरोखर धास्ती वाटेल. त्या धुळीबरोबर ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू येतात आणि स्टेरॉइडवरच्या पेशंटच्या फुफ्फुसात रुजतात. तिथे प्लॅस्टिकचा पडदा आणि ओला मॉप प्लेटपेक्षा कामाचे.

फॉगिंगबद्दल माझं मत आमच्या रुग्णालयात कुणाला आवडायचं नाही, तुमच्याकडेही आवडणार नाही. धूर दिसतो, वास येतो, फोटो छान निघतो, म्हणून लोकांना ते आवडतं. पण पेशंट आत असताना फॉगिंग करता येत नाही, आणि तुमचे आठही बेड एकदम रिकामे कधी होतात? जिथे रक्ताचा, कफाचा थर वाळून बसलाय तिथे वरून धुकं सोडून खालचा जंतू मरत नाही. काही ठिकाणी अजून शनिवारी फॉर्मॅलिन उडवतात. त्यातलं फॉर्मॅल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच ठरवलं आहे, आणि ते सगळ्यात जास्त कुणाच्या नाकात जातं? दुसऱ्या दिवशी दार उघडणाऱ्या मावशींच्या. हायड्रोजन पेरॉक्साइडची चांगली यंत्रं आहेत, पण तीही रिकाम्या, आधी घासूनपुसून घेतलेल्या खोलीतच चालतात.

दर आठवड्याच्या स्वॅबचंही तेच. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2003 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की हेतू न ठरवता हवा, पाणी, पृष्ठभागांचे नमुने सरसकट घेऊ नका. डायलिसिसचं पाणी, ऑटोक्लेव्हची जैविक चाचणी ही कामं वेगळी, ती ठरल्या वेळी करायचीच. स्वॅब कधी घ्यायचा? तीन पेशंटमध्ये पंधरा दिवसांत एकाच जातीचा, त्याच त्या औषधांना दाद न देणारा जंतू आला, तेव्हा. आणि तेव्हाही आधी उभं राहून बघायचं, मग स्वॅब.

हे मी ठेच खाऊन शिकले. आमच्याकडे एकदा तिघांना लागोपाठ स्युडोमोनास आला. आम्ही भिंती, पंखे, एसीची जाळी, सगळं लावलं. चाळीसेक स्वॅब, हाती काही नाही. शेवटी मी एका रात्री स्टूल टाकून आयसीयूत बसले. पहाटे साडेतीनला एक नवी सिस्टर सलाइनच्या बाटलीतून सक्शनसाठी पाच मिली काढताना दिसली. बाटलीला सुई टोचून ठेवलेली, बाटली ट्रॉलीवर, तिन्ही बेडना तीच. बाटलीवर तारीख परवाची. मी ती बाटली उचलून लॅबमध्ये नेली आणि तिच्यातच तो सापडला. ती मुलगी रडायलाच लागली. पण तिला लहान ॲम्प्युल कुणी दिलेच नव्हते, स्टोअरने ‘महाग पडतात’ म्हणून बंद केले होते. हलगर्जी म्हणून कागद काढायचा तर कुणाच्या नावाने काढणार?

तर मावशींकडे येते. एकच फडकं फिरतं हे तुम्ही लिहिलंत, लपवलं नाहीत, म्हणूनच मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं. उद्या सकाळी सातला काहीही न बोलता त्यांच्या मागे एक फेरी मारा. वही-पेन न घेता, फक्त बघायला. बादलीत हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, किती वाजता घातलं आणि कशाने मोजलं? अंदाजे ओततात की कपाने? बाटली पाच टक्क्यांची असेल तर एक टक्क्याला एक भाग औषध आणि चार भाग पाणी. सांडलेल्या रक्तासाठी हे. कठडे, टेबलं रोज पुसायला एवढं कडक नको, 0.1 टक्का पुरे, म्हणजे एका भागाला 49 भाग पाणी. कडक वापरलं की कठड्याचा रंग उडतो, गंज धरतो, आणि गंजलेल्या खरबरीत जागेत जंतू सुखाने राहतो. ते द्रावण उन्हात ठेवलेलं आहे का? दिवसभर तेच आहे का? मळकं झालं की क्लोरीन मळातच संपतं, मग तिसऱ्या बेडनंतर मावशी फक्त पाणी फिरवत असतात, आणि पाण्याबरोबर पहिल्या बेडचा माल. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मग औषध, आणि औषध लावल्यावर लगेच कोरडं पुसायचं नाही, ते ओलं राहिलं पाहिजे. मावशींना हे कुणी सांगितलंय का? नऊ वर्षांत एकदा तरी?

फडक्याचं गणित तर साधं आहे. आठ बेड, तीन पाळ्या, म्हणजे दिवसाला किमान चोवीस स्वच्छ फडकी, शिवाय धुऊन वाळायला गेलेली तेवढीच. स्टोअरमधून महिन्याला किती मिळतात ते रजिस्टर काढा. मला वाटतं सगळा उलगडा त्याच पानावर होईल. समजा महिन्याला सहाच फडकी मिळत असतील, तर त्या बाईने प्रत्येक बेडला नवं कुठून आणायचं, पदर फाडून?

आणखी एक गोष्ट फेरीत बघा. मावशी बेडचा कठडा पुसतात, टेबल पुसतात, फरशी पुसतात. सिरिंज पंपाची बटणं? मॉनिटरचं नॉब? व्हेंटिलेटरचा स्क्रीन? मावशींना विचारा, त्या म्हणतील, ‘ते सिस्टरांचं, मशीन बिघडलं तर माझ्यावर येईल.’ सिस्टरांना विचारा, ‘सफाई मावशींची.’ बायोमेडिकलवाला म्हणतो मी फक्त दुरुस्तीला. ही बेवारस बटणंच दिवसातून शंभर वेळा हाताळली जातात. माझ्या मते तुमच्या आयसीयूतला सगळ्यात मोठा दोष हाच निघेल, आणि तो कुणाच्याच हलगर्जीचा नाही, वाटणीचा आहे. एका कागदावर लिहून टाका: पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर त्या बेडची सिस्टर पुसेल, पाळी बदलताना, कंपनीने चालतं म्हटलेल्या वाइपने. कठडा, गादी, टेबल, स्टँड, कॉलबेल मावशी. स्टेथो ज्या त्या बेडचा त्या त्या बेडलाच टांगलेला. कागद भिंतीवर.

पुसलं जातं की नाही हे बघायला स्वॅब लागत नाही. नोटा तपासायचा निळा दिवा मिळतो ना दुकानात, तो आणा आणि एक हायलायटर पेन. संध्याकाळी दहा जागांवर बारीक ठिपके द्या, दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा मारा. ठिपका चमकला तर तिथे फडकं गेलं नाही. रुग्णालयांसाठी यासाठी खास जेलही मिळते. अमेरिकेतल्या 36 रुग्णालयांत असं केलं होतं, 2008 मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्या जागा पुसल्या जायला हव्या होत्या त्यातल्या निम्म्याही पुसलेल्या नव्हत्या. बेसिनं चकाचक, दाराच्या कड्या आणि दिव्यांची बटणं तशीच. तिथले लोक काही तुमच्या मावशींपेक्षा आळशी नव्हते. त्यांना निकाल दाखवला, तेव्हा काम सुधारलं. एक अट मात्र पाळा: हा खेळ मावशींना आधी सांगून करा, दिवा त्यांच्याच हातात द्या. चोर पकडायला केलात तर दुसऱ्या दिवसापासून त्या फक्त तुमचे ठिपके शोधत बसतील.

हातांबद्दल तुम्हाला मी काय सांगू, रोज तुम्हीच पोरींना सांगत असाल. हात साफ करायच्या ज्या पाच वेळा शिकवतात, त्यातल्या फक्त पाचव्या वेळेकडे लक्ष द्या. पेशंटला हात न लावता नुसता पंप बंद करून निघालो, तरीही हात चोळायचे. तिथेच सगळे घसरतात, डॉक्टर आधी. आणि हातमोजे घातले की माणसाला वाटतं आपण सुरक्षित, मग त्याच मोज्यांनी फोन उचलतो. आमच्याकडे आयसीयूबाहेर चपलांचा ढीग असायचा, नातेवाईक अनवाणी, पाय गारठलेले, आणि हातात मोबाईल तसाच आत. चपला काढायच्या नादात हात धुवायला कुणी सांगायचंच नाही. बेडच्या पायथ्याशी हँडरबची बाटली असेल आणि ती भरलेली असेल, तर निम्मं काम झालं. जिनिव्हाच्या रुग्णालयात 1994 पासून तीनेक वर्षं हेच लावून धरलं, तेव्हा हात साफ करण्याचं प्रमाण 48 टक्क्यांवरून 66 वर गेलं. त्यांनाही शंभर जमलं नाही. रात्री दोन सिस्टर आणि आठ बेड असतील तर तुम्हालाही जमणार नाही, आणि तेही मॅनेजमेंटला लेखी कळवा.

जाता जाता एक. कधी रिपोर्टात ‘कॅन्डिडा हेम्युलोनाय’ असं बुरशीचं नाव आलं तर लॅबला फोन करून पुन्हा खात्री करायला सांगा. काही यंत्रं कॅन्डिडा ऑरिस या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीला चुकून ते नाव देतात. ऑरिस निघाला तर नेहमीचं सुगंधी जंतुनाशक भरवशाचं नाही, क्लोरीनच घ्यायचं, आणि पेशंट वेगळा.

आता सहीचं. तो कागद परत करा आणि त्याऐवजी स्वतःच्या हस्ताक्षरात एक पान द्या. त्यात लिहा की चार नंबरच्या पेशंटच्या कल्चरमध्ये अमुक तारखेला हाच जंतू होता (असेल तर), स्वॅबची वेळ नोंदलेली नाही, महिन्याला फडकी इतकी मिळतात आणि लागतात इतकी, यंत्रं कुणी पुसायची हे ठरलेलं नव्हतं ते आता ठरवलं आहे, आणि महिन्याने दिव्याच्या तपासणीचा निकाल देते. मावशींना काढायचं ठरलंच तर नव्या येणाऱ्या बाईलाही तेवढीच फडकी मिळतील, हे तोंडी सांगा, लिहू नका. मॅनेजमेंटमध्ये एक तरी माणूस हिशेबाचा असतो, त्याला ते कळतं.

राहिला सिंक. तुम्ही ते पत्राच्या शेवटाकडे, सहज लिहिल्यासारखं लिहिलंय, पण माझी झोप त्याच ओळीने उडवली. सिंकच्या जाळीखाली, त्या वाकड्या पाइपात, बुळबुळीत थर असतो आणि त्यात ग्रॅम निगेटिव्ह जंतूंची वस्ती, स्युडोमोनास त्यातलाच. वरून नळाची धार जोरात पडली की थेंब मीटरभर उडतात. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या रुग्णालयात 2011 मध्ये क्लेब्सिएला या जंतूची साथ आली, 18 पेशंटना लागण झाली, 11 गेले, त्यातले सहा त्या संसर्गाने. शोध घेताना तो जंतू सिंकच्या निचऱ्यात आणि साफ करून ठेवलेल्या व्हेंटिलेटरवरही मिळाला. आणि तुम्ही त्या थेंबांच्या टप्प्यात रक्तदाब टिकवायचं नॉरॲड्रेनलिन भरताय.

जागा नाही म्हणालात. ट्रॉली तर आहे ना? आज रात्रीच्या पाळीला इंजेक्शनचा ट्रे त्या ओट्यावरून उचला आणि भिंतीकडच्या ट्रॉलीवर ठेवा. सिंकमध्ये सक्शनची बाटली, उरलेलं सलाइन, चहा, काहीही ओतायचं नाही, फक्त हात धुवायचे, अशी चिठ्ठी वर चिकटवा. याला कुणाची परवानगी लागत नाही, सहीसुद्धा नाही.